डाव्या कानाचे खडे

माझी बायको माशांची वयं सांगते. रोज, नऊ ते साडेपाच, पगार घेऊन. पुण्यात कुठल्याही लग्नात हे सांगितलं की समोरचा आधी हसतो, मग "म्हणजे नक्की करते काय?" असं विचारतो, आणि मी समजावायला लागलो की जिलेबीच्या दिशेने सटकतो. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतोय. पुढच्या लग्नात कागदच हातात देईन.

माशाला बाहेरून कान दिसत नाहीत, पण आत डोक्यात दोन पांढरे खडे असतात, एक डावा आणि एक उजवा. मासा वाढतो तसा खडा वाढतो आणि दर वर्षी त्यावर एक वलय चढतं, झाडाच्या बुंध्यात चढतं तसं. खडा मधोमध मोडायचा, तुटलेली कड दिव्यावर जराशी भाजायची, की वलयं तपकिरी होऊन उठून दिसतात. मग ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची. भाजण्याचं काम पापडासारखं आहे, क्षणभर जास्त झालं की करपलंच. सुप्रभा म्हणते, तिला जपानात नोकरी लागली ती पापडामुळे.

हे काही खरं नाही. तिला नोकरी लागली ती भूकंपामुळे, आणि त्यात माझाही हात आहे. अभिमानाने सांगावा असा मात्र नाही.

२०११ मध्ये आम्हाला योकोहामात येऊन दोन वर्षं झाली होती. मी सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर, आमची मुलगी पूर्वी तीन वर्षांची, आणि सुप्रभा घरात. वेंगुर्ल्याच्या केळुसकरांची ही मुलगी मत्स्यशास्त्रात एम.एस्सी. करून आली होती आणि इथे कचऱ्याचं वेळापत्रक पाठ करत बसली होती. मार्चमधल्या एका शुक्रवारी तो भूकंप झाला. सोमवारी आमच्या इमारतीतले लोक नेहमीसारखे जळणाऱ्या कचऱ्याच्या पिशव्या घेऊन खाली उतरले. आम्ही मंगळवारी सूटकेसा घेऊन उतरलो. तिकिटं मी काढली होती. सुप्रभा नको म्हणत होती, पण तेव्हा मी कोणाचंच ऐकत नव्हतो. आम्हाला सामान घेऊन जाताना पाहून शेजारच्या आजींनी लिफ्टचं दार धरून ठेवलं आणि म्हणाल्या, "जपून जा हं."

त्या आजी चार कुजके शब्द बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. पुण्यात दीड महिना होतो, रोज आमरस होता, आणि सुप्रभा एकदाही पोटभर जेवली नाही.

एप्रिलअखेर परतलो. मे महिन्यात वॉर्ड ऑफिसच्या फळ्यावर तिला एक कागद दिसला. उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या एका मासेमारी प्रयोगशाळेत त्सुनामी शिरली होती. चिखलातून काढलेल्या पेट्या योकोहामाच्या संस्थेत आणल्या होत्या. पेट्यांत हजारो छोटी पाकिटं, पाकिटांत माशांच्या कानातले खडे. ते धुवून, सुकवून पुन्हा लावायला तीन महिन्यांसाठी माणसं हवी होती. इथे अशा तात्पुरत्या कामाला बाइतो म्हणतात, ते बहुतेक कॉलेजची पोरं करतात. सुप्रभा एम.एस्सी.चं सर्टिफिकेट न दाखवताच गेली.

खड्यांची ओळख तिला नवी नव्हती. वेंगुर्ल्यात आई ढोमे मासे साफ करायला बसली की ही त्यांच्या डोक्यातले खडे मागून घ्यायची आणि पत्र्याच्या डबीत साठवायची. तरी ती त्या ओढीने गेली नाही, हे मला ठाऊक होतं. पळून गेलो होतो ते तिला पुसायचं होतं.

पेट्यांबरोबर एक माणूसही आला होता, कुदो-सान. वय त्रेसष्ट, बुटके, बोलणं मोजकं. पस्तीस वर्षं त्यांनी त्या बुडालेल्या प्रयोगशाळेत माशांची वयं वाचली होती. लाट आली तेव्हा बायकोचा हात धरून ते टेकडीवरच्या देवळात चढले, म्हणून दोघं वाचली. घर गेलं. पस्तीस वर्षांच्या वह्या गेल्या. आता ते योकोहामात लेकीकडे राहायचे. लाटेबद्दल कधी चकार शब्द काढायचे नाहीत. फक्त जमीन जरा हलली की हातातलं टाकून, "टेबलाखाली!" असं ओरडून, ते सगळ्यांच्या आधी खाली असायचे.

त्या पेट्यांत सगळ्यात मोलाचा होता एक काळा ट्रे. त्यात खळग्यांच्या ओळी होत्या आणि दर खळग्यात एक भाजलेला खडा. हे अशा माशांचे खडे, ज्यांचं वय अंदाजाने नव्हे तर खात्रीने माहीत होतं. पिल्लू असताना खूण करून सोडलेले आणि वर्षांनी पुन्हा जाळ्यात सापडलेले मासे. एक वर्षाची ओळ, दोन वर्षांची ओळ, अशा दहा ओळी. वाचणाऱ्याने दर हंगामाच्या सुरुवातीला आधी त्या ट्रेवर स्वतःची परीक्षा घ्यायची, मगच बाकीच्या खड्यांना हात लावायचा. चिकटपट्टीने झाकण घट्ट बसवलेलं होतं म्हणून तो ट्रे लाटेतूनही जसाच्या तसा निघाला होता.

आता पुढचं मला आठ वर्षांनी कळलं, पण वाचणाऱ्याला कशाला ताटकळत ठेवू?

जूनमधल्या एका दुपारी सुप्रभाने तो ट्रे पुसायला उघडला आणि जमीन हलली. धक्का चांगलाच मोठा होता. कुदो-सान ओरडले आणि टेबलाखाली गेले. टेबलाखाली चिखलाच्या पेट्या ठासून भरल्या होत्या, जागा होती ती एकाच माणसाची. सुप्रभा ट्रे दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. शेवटच्या हिसक्याला ट्रे कलंडला आणि दोन ओळी टेबलावर सांडल्या, तीन वर्षांची आणि चार वर्षांची. मिळून सतरा खडे.

कुदो-सानांचे गुडघे दुखायचे, त्यांना बाहेर यायला मिनिटभर लागलं. तेवढ्यात हिने सतरा खडे वेचून परत लावले. कुठला कुठे? कुठल्याही खड्यावर नंबर नव्हता. तेव्हा वेंगुर्ल्याच्या बाजारात वाढलेली मुलगी जे करेल ते तिने केलं. लहान मासा कोवळा आणि मोठा मासा जून, म्हणून लहान खडे तीनच्या ओळीत आणि मोठे चारच्या. सगळे खळगे बरोबर भरले, तेव्हा बरोबरच लागले असणार असं तिला वाटलं. सतरा खड्यांनी सतरा खळगे भरणारच, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही.

कुदो-सान पांढऱ्याफटक चेहऱ्याने बाहेर आले. "ट्रे?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "ठीक आहे."

उद्या सांगू, असं तिने ठरवलं होतं. उद्या त्यांचा चेहरा पाहून परवावर ढकललं. आठवड्याने तिची खात्रीच झाली की सांगण्यासारखं काही घडलंच नाही.

त्या वर्षीच्या थंडीत कुदो-सान हंगामाच्या आधी ट्रेवरची परीक्षा द्यायला बसले. तीन आणि चारच्या ओळींत त्यांचे सतरापैकी आठ चुकले. पस्तीस वर्षांत कधी एकापेक्षा जास्त खडा चुकला नव्हता. त्यांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचलं, तिसऱ्या दिवशी पुन्हा. तेच आठ. मग ते उठले, विभागप्रमुखांकडे गेले आणि म्हणाले, "माझी नजर गेली. नसलेलं वलय मला दिसतंय." लाटेनंतर कोणाचं काय काय गेलं होतं, त्यामुळे यात कोणाला नवल वाटलं नाही. ते सूक्ष्मदर्शकावरून उतरले ते पुन्हा बसले नाहीत. पाकिटं लिहायची, खडे मोडायचे, भाजायचे, एवढंच करू लागले. आणि सुप्रभाला शिकवू लागले. तिला ते सारखं बजावायचे, "ट्रेवर विश्वास ठेवा, माझ्यावर नको."

ती ट्रेवर विश्वास ठेवून शिकली. हुशार होतीच. तीन महिन्यांच्या बाइतोची आधी वर्षाची नोकरी झाली, मग कायमची. कुदो-सान दोन वर्षांनी निवृत्त झाले आणि आमच्या स्टेशनच्या सायकल-स्टँडवर काम करू लागले. इथे निवृत्त लोक हे काम हौसेने करतात. टोपी घालून उभे राहायचं, सायकली सरळ लावायच्या, महिन्याच्या पासाचं स्टिकर तपासायचं. मी रोज सकाळी त्यांना "ओहायो" म्हणायचो आणि माझी सायकल नेहमी वाकडी लावायचो, ते ती सरळ करायचे.

आता जरा उत्तरेकडे चला. कोन्बिनीत, म्हणजे इथल्या कोपऱ्यावरच्या दुकानात, भाताचे त्रिकोण मिळतात, त्यांतल्या काहींच्या पोटात तांबडी गाबोळी, म्हणजे माशाची अंडी, असते. ती ज्या माशाची, त्या माशाची वयं सुप्रभा वाचते. समुद्र तापतोय आणि बर्फ मागे हटतोय, तसा हा मासा थव्यांनी उत्तरेला, थेट आर्क्टिककडे सरकतोय. तिथे आजवर कोणी जाळं टाकलं नव्हतं, कारण वर बर्फ होता. २०१८ मध्ये जपान, रशिया, कोरिया, अमेरिका धरून दहा जणांनी एक शहाणपणाची सही केली: आर्क्टिकच्या मधल्या समुद्रात काय आहे हे नीट कळेपर्यंत तिथे कोणीही धंद्याची मासेमारी करायची नाही, आणि ते शोधायचं ते सगळ्यांनी मिळून. दहा जण एखादी गोष्ट न करण्यावर एकमताने सही करतात, याचंच मला कौतुक वाटलं होतं. आमच्या सोसायटीत पार्किंगवर सात माणसांचं एकमत होत नाही.

पण मिळून शोधायचं तर सगळ्यांचं मोजणं तरी सारखं हवं. म्हणून आसपासच्या तीन देशांच्या प्रयोगशाळांनी एक पेटी फिरवली. उत्तरेत पकडलेल्या दोनशे माशांचे खडे. आधी व्लादिव्होस्तॉक, मग बुसान, मग योकोहामा. प्रत्येकाने दुसऱ्याचे आकडे न बघता वयं लिहायची. २०१९ च्या जूनमध्ये आकडे उघडले. मोठ्या माशांवर सगळ्यांचं जमलं. उत्तरेच्या छोट्या माशांवर मात्र व्लादिव्होस्तॉकच्या झोया पेत्रोव्हना नावाच्या बाई चार म्हणत होत्या आणि सुप्रभा तीन.

एका वर्षाने काय बिघडतं, असं मीही विचारलं होतं. सुप्रभाने भाजी चिरता चिरता सांगितलं. मासा छोटा आणि तीन वर्षांचा असेल तर तो अजून वाढेल, पुढल्या वर्षी दुप्पट होईल, जरा जास्त पकडला तरी चालेल. छोटा आणि चार वर्षांचा असेल तर तो थंड पाण्यात हळूहळू वाढणारा आहे, त्याला जपून हात लावायला हवा. नोव्हेंबरमध्ये योकोहामात बैठक होती. तोवर उलगडा झाला नाही तर ज्याने त्याने आपापले आकडे घेऊन घरी जायचं आणि एकत्र वाचन बंद, असं ठरलं होतं.

झोयाबाईंना इंग्रजी अगदी जेमतेम, सुप्रभाला रशियन शून्य. मग दोघी फोटो पाठवायच्या. एकाच खड्याचा फोटो, त्यावर झोयाबाईंचे वलयावर एकेक असे चार लाल ठिपके, सुप्रभाचे तीन हिरवे. जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडा असला की मला ठिपक्यांची रांगोळी दिसायची. दोन महिने हे चाललं होतं. पूर्वी आता अकरा वर्षांची झाली होती. तिने एकदा स्क्रीनवर बोट ठेवून जपानीत विचारलं, "पण आई, इथे चार तर दिसतायत." सुप्रभा म्हणाली, "दिसतात, पण हे आतलं फिकट वलय वर्षाचं नसतं. ट्रे खोटं बोलत नाही."

ऑगस्टमध्ये माझ्या सायकलच्या पासाची मुदत संपली. मी दोन दिवस तसाच दामटत होतो. तिसऱ्या दिवशी कुदो-सानांनी स्टँडच्या दुसऱ्या टोकावरून हात केला. जवळ येऊन अदबीने वाकले आणि म्हणाले, "श्रीहरी-सान, एकतीस तारखेला संपला." त्या स्टिकरवरची तारीख तांदळाच्या दाण्याएवढी असते. घरी आल्यावर मी तावातावाने सांगितलं, "तुझे कुदो-सान म्हणे डोळे गेले! दहा पावलांवरून तारीख वाचतात. गेले म्हणे!"

मला वाटलं ती हसेल. ती पोळी लाटता लाटता थांबली. "ती नजर वेगळी," म्हणाली. मग म्हणाली, "वेगळी असते ना?" आणि तव्यावरची पोळी करपली. हिच्या हातून काही करपलेलं मी दहा वर्षांत पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने संस्थेत ट्रे काढला आणि ओळींची नावं कागदाने झाकून नुसते खडे पाहिले. कोणाच्या शिकवणीशिवाय, पूर्वीने पाहिले तसे. मग कागद काढून ताडलं, तर आठ खड्यांचं वय ओळीशी जुळेना. तिने ओळींकडे नीट पाहिलं. तीनच्या ओळीत सगळे लहान, चारच्या ओळीत सगळे मोठे, चढत्या क्रमाने. इतकी नीटनेटकी ओळ समुद्र लावत नाही, बाईमाणूस लावतं.

शनिवारी सकाळी तिने मला हे सगळं सांगितलं. पहिलं वाक्य बोलतानाच रडायला लागली. कुदो-सानांची नजर गेलेली नव्हती. हिने घालवली होती. आठ वर्षं तो माणूस स्वतःला निकामी समजत होता, आणि आता सायकली सरळ लावत होता.

इथे मी काय केलं तेही लिहितो, कारण लिहायचं तर पुरतं लिहावं. मी म्हणालो, गप्प बस. मुद्देही मांडले, मीटिंगमध्ये मांडतो तसे. आठ वर्षं झाली, कोणाला कळतंय? नोकरी जाईल. उद्या म्हणतील, इंडियन बाईने घोळ घातला. झोयाबाई म्हणतात तर हळूच चार लिहायला लाग, आकडे आपोआप जुळतील, कोणाला दुखवायला नको. मला हा तोडगा फारच चतुर वाटला होता.

"गप रव," सुप्रभा म्हणाली. तिचं मालवणी बाहेर आलं की मी खरंच गप्प बसतो. मग डोळे पुसून म्हणाली, "त्या वेळी तू तिकिटं काढलीस आणि मी बॅग भरली. आता भरणार नाही."

सोमवारी सकाळी ती सायकल-स्टँडवर गेली. मीही गेलो. धीर द्यायला, असं मी सांगत असतो, पण खरं तर माझी सायकल तिथेच लावायची असते.

कुदो-सान स्टिकरचा रोल हातात घेऊन उभे होते. सुप्रभा कमरेतून वाकली आणि वाकलेलीच राहिली. जपानीत सगळं सांगितलं: जूनमधला धक्का, उघडा ट्रे, सांडलेल्या ओळी, सतरा खडे, आकाराने लावले, ठीक आहे म्हणाले, तुमची नजर गेली नव्हती. मला निम्मं समजत होतं आणि निम्मं पाठ होतं.

कुदो-सानांनी स्टिकरचा रोल खिशात घातला. मग एकदम ओरडले. या माणसाचा चढा आवाज मी कधी ऐकला नव्हता. संतापले की त्यांची तोहोकूची, म्हणजे उत्तरेकडची, बोली बाहेर येते, सुप्रभाच्या मालवणीसारखी, त्यामुळे आधी कोणाला काही कळेना. सायकलवाले थबकून उभे राहिले. त्यांनी तेच वाक्य पुन्हा उच्चारलं, या वेळी सावकाश.

"तुम्ही टेबलाखाली का आला नाहीत?"

सुप्रभाने मान वर केली. तिला वाटलं आपल्याला ऐकण्यात चूक झाली.

"खडे पडले तर पडले! खडे पुन्हा मिळतात! मी आतून ओरडत होतो. तुम्ही ट्रे धरून उभ्या राहिलात? छत पडलं असतं तर?"

"जागा नव्हती," ती म्हणाली. "पेट्या होत्या. एकाचीच जागा होती."

"आणि आत मी होतो," कुदो-सान म्हणाले. मग मागच्या स्टुलावर बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यांनी विचारलं, "म्हणजे माझ्या डोळ्यांना काही झालं नव्हतं?"

"नाही. काहीच झालं नव्हतं."

ते रडले. सत्तर उलटलेला माणूस युनिफॉर्म घालून चारचौघांत रडतोय, हे पाहवत नव्हतं, म्हणून मी पाच-सहा सायकली सरळ लावल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मागून त्यांचा आवाज आला, आता नेहमीचा, मोजका. "मी दहा वाजता मोकळा होतो. थांबा. डावे तिकडे आहेत."

दहा वाजता स्टँडच्या बाकावर त्यांनी जे सांगितलं ते संस्थेत कोणालाच माहीत नव्हतं, कारण त्याची नोंद लाटेत गेली होती. १९९३ मध्ये व्लादिव्होस्तॉकहून एक संशोधन जहाज त्यांच्या बंदरात आलं होतं. तेव्हा दोन्ही देशांचं फारसं जाणं-येणं नव्हतं. पण त्या जहाजावरच्या मुख्य बाईंनी ट्रे पाहिला आणि त्यांना तो फार आवडला. कुदो-सान तेव्हा पंचेचाळिशीचे. त्यांना वाटलं, माशाला खडे दोन असतात, आपल्याला एक पुरे. त्यांनी प्रत्येक माशाचा उजवा खडा आपल्याकडे ठेवला आणि डावा त्या बाईंना दिला, पेन्सिलीने नाव-गाव लिहिलेल्या पाकिटात घालून.

"त्यांनी जपले असतील?" सुप्रभाने विचारलं.

"आपण हरवले," कुदो-सान म्हणाले. "त्यांनाही हरवायचा हक्क आहे. विचारून बघा."

सुप्रभाने त्याच दिवशी विभागप्रमुखांना सगळं सांगितलं आणि शिमात्सुशो लिहून दिलं. इथे चूक झाली की ती कशी झाली, का झाली आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करणार, हे सगळं कागदावर उतरवून द्यावं लागतं. तिने दोन पानं लिहिली, पूर्वीने त्यातली कान्जी अक्षरं तपासून दिली. नोकरी गेली नाही. साहेबांनी कपाळाला हात लावला, मग दुसरा कागद ओढून व्लादिव्होस्तॉकला रीतसर विनंती लिहिली. तिचं उत्तर यायला सहा आठवडे लागले. पण सुप्रभाने झोयाबाईंनाही परस्पर विचारलं होतं, त्यांची मेल दुसऱ्याच दिवशी आली होती. फोटो होता, लाकडी पेटीतल्या पिवळ्या पाकिटांच्या रांगेचा. खाली तीनच शब्द होते, "आहेत. मी आणते."

नोव्हेंबरमध्ये झोयाबाई आल्या. उंच, करड्या केसांच्या, पेटी कोटाच्या आत पोटाशी धरलेली. त्या जहाजावरच्या मुख्य बाई त्यांच्या गुरू होत्या, आता हयात नव्हत्या. बैठकीच्या आदल्या दिवशी एका छोट्या खोलीत पेटी उघडली. कुदो-सान सुटी मिळाली नाही म्हणून काम संपवून स्टँडच्या युनिफॉर्मवरच आले होते. पाकिटांवर त्यांचंच पेन्सिलीचं अक्षर होतं, सव्वीस वर्षांपूर्वीचं. पस्तीस वर्षांत त्यांनी जे काही लिहिलं होतं त्यातलं जगात एवढंच उरलं होतं. त्यांनी एक पाकीट उचललं, वाचलं, परत ठेवलं. झोयाबाईंनी खुर्ची मागे ओढून त्यांना बसायला दिली.

मग त्या दोन ओळींचे सतरा डावे खडे पाकिटांतून काढून, वय झाकून, सूक्ष्मदर्शकाखाली एकेक दिले. कुदो-सान वाचत गेले आणि सुप्रभा लिहीत गेली. पाकिटं उघडून ताडून पाहिलं. सतराच्या सतरा बरोबर.

त्यानंतर दोघी बायकांनी ट्रेमधल्या प्रत्येक उजव्या खड्याशेजारी डावा धरून जोड्या लावल्या. जिथे तीन होते तिथे चार गेले, चार होते तिथे तीन. आतलं ते फिकट वलय खरोखर वर्षाचंच होतं. दुसऱ्या दिवशी बैठकीत सुप्रभाने उभं राहून सांगितलं की झोयाबाईंचं वाचन बरोबर आहे, आमचं चुकलं, आणि का चुकलं तेही. एकत्र वाचन बंद पडलं नाही. पुढची पेटी योकोहामातून निघावी असं ठरलं, आणि झोयाबाईंनी डावे खडे परत नेले, कारण जोडी दोन घरांत असलेलीच बरी, हे आता सगळ्यांना पटलं होतं.

सुप्रभाच्या नशिबी मात्र आठ वर्षांचे छोटे खडे पुन्हा वाचणं आलं. काही हजार. ती कुरकुरली नाही. दर बुधवारी कुदो-सान मदतीला येतील, असं साहेबांनी ठरवून दिलं.

पहिल्या बुधवारी त्यांनी मलाही बोलावलं. का ते सांगितलं नाही, जुने कपडे घालून या एवढंच म्हणाले. मी रजा काढून गेलो. खोली तीच, टेबल तेच, आणि टेबलाखाली अजूनही पेट्या ठासलेल्या होत्या. चिखल गेला होता, पण जागा तेवढीच होती, एका माणसापुरती.

"या बाहेर काढा," कुदो-सान मला म्हणाले.

मी सात पेट्या ओढून काढल्या आणि कॉरिडॉरमधल्या कपाटात लावल्या. माझी कंबर धरली. सुप्रभा सूक्ष्मदर्शकावरचं आवरण काढून, दिवा तयार ठेवून त्यांची वाट बघत होती. पण ते खुर्चीकडे गेलेच नाहीत. ते खाली बसले, गुडघे चोळत, हातांवर रांगत टेबलाखाली शिरले आणि आतून शेजारच्या फरशीवर दोनदा थाप मारली.

"या, सुप्रभा-सान. बसतं का दोघांना, बघू."

ती गेली. टेबलाखाली दोघं गुडघे पोटाशी घेऊन शेजारी शेजारी बसली. मला वरून फक्त दोन पांढऱ्या कोटांच्या कडा दिसत होत्या. बसत होतं. ऐसपैस बसत होतं.

मग ते बाहेर आले, गुडघे झटकले, आठ वर्षांनी त्या खुर्चीवर बसले आणि पहिला खडा काचेखाली सरकवला. बराच वेळ पाहिलं.

"चार," ते म्हणाले.

सुप्रभाने लिहून घेतलं.